चाळीस वर्षांपूर्वीचा कॅल्क्युलेटर आज नव्याने का विकला जातोय?

एचपी-१५सी हा प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर १९८२ मध्ये आला आणि १९८९ मध्ये बंद झाला. २०२३ मध्ये तो पुन्हा बाजारात आला. २०२५ मध्ये कमोडोर ६४ या १९८२ च्याच होम कॉम्प्युटरचीही नवी आवृत्ती आली. साध्यातल्या साध्या स्मार्टफोनपुढेही या यंत्रांची ताकद नगण्य. मग लोक पैसे का मोजतात?

'जुन्या आठवणी' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. एचपी-१२सीचंच बघा. तो १९८१ मध्ये आला आणि अजूनही विकला जातो. सीएफए परीक्षेत मोजकेच कॅल्क्युलेटर चालतात, त्यात तो आहे. ही परीक्षा देणाऱ्या आजच्या मुलांना १९८१ ची कसली आलीये आठवण!

या यंत्रांवर 'बरोबर'चं बटणच नसतं. (३+४)×५ काढायचं तर ३, एंटर, ४, +, ५, × असं दाबायचं. कंस लागत नाहीत, मधलं उत्तर समोर दिसत राहतं. दोन दिवस बोटं अडखळतात, मग साधा कॅल्क्युलेटरच विचित्र वाटायला लागतो.

पण खरी गोष्ट प्रोग्रॅमिंगची. १९७४ च्या एचपी-६५ मध्ये जेमतेम १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम मावायचा आणि किंमत होती ७९५ डॉलर! तरी इंजिनिअर आपलं सूत्र त्यात स्वतः लिहून छोट्याशा चुंबकीय पट्टीवर साठवायचा. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत तो अंतराळातही गेला. कमोडोर ६४ सुरू केला की पडद्यावर 'रेडी' उमटतं, म्हणजे आता तुम्ही काहीतरी लिहायचं. फोन सुरू केला की आधी दिसतात दुसऱ्यांनी बनवलेली ॲप्स. माझ्या मते लोकांना हाच फरक जाणवतो, फक्त त्याला ते नॉस्टॅल्जिया म्हणतात.

नव्या आवृत्त्यांचं पोट मात्र वेगळं आहे. नवा १५सी आधुनिक चिपवर जुन्या प्रोसेसरची नक्कल करतो; नव्या कमोडोरमध्ये जुन्या सर्किटसारखी वागणारी एफपीजीए चिप आहे. मला त्यात गैर वाटत नाही. जुन्या चिप किती दिवस पुरणार?

काळजी आहे ती वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची. एचपी-६५ मधला पट्टी ओढणारा रबरी रोलर काही वर्षांत वितळून चिकट होतो. हौशी मंडळी तो बदलून घेतात, पण जी यंत्रं माळ्यावर पडलीयत त्यांच्यासोबतच्या पट्ट्या वाचणार कोण? पेटी जपली आणि आतलं सूत्र गेलं, असं होतंय. तुमच्या घरी असं काही असेल तर विकण्याआधी निदान वहीत उतरवलेले प्रोग्रॅम तरी स्कॅन करून ठेवा.

आणि नवं यंत्र घ्यायचा मोह झालाच, तर आधी फोनवर 'फ्री४२' हे मोफत ॲप टाका. १९८८ च्या एचपी-४२एसची ती नव्याने लिहिलेली प्रतिकृती आहे. कर्जाच्या हप्त्याचं सूत्र त्यात स्वतः लिहून बघा. रमलात, तर मग खऱ्या बटणांवर खर्च करा.