सायकलीवरून कालव्याकाठी

हरिद्वारास जाणाऱ्या वाचकांनी एक दिवस सायकलीसाठी राखून ठेवावा. गंगेच्या कालव्याच्या बांधावरून जी वाट जाते, तिला तेथे पटरी म्हणतात. तिने सुमारे तीस किलोमीटरांवर रुडकी लागते. पहाटे निघाल्यास सायंकाळी सुखाने परतता येते.

१८३७-३८ च्या दुष्काळात दुआबात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. पुढे प्रोबी कॉटली या अभियंत्याच्या योजनेनुसार १८४२ मध्ये हा कालवा खोदावयास घेतला व १८५४ मध्ये त्यात पाणी सोडले. दुआबापर्यंत पाणी नेण्यात खरी अडचण या पहिल्या टप्प्यातच होती. शिवालिक टेकड्यांतून येणारे चार प्रवाह येथे आडवे येतात. एरवी ते कोरडे किंवा क्षीण असतात. पावसाळ्यात मात्र उन्मत्त होतात. त्यांपैकी राणीपूर व पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून नेले आहेत. धनौरीस रतमऊ कालव्याच्या पातळीवरूनच त्यास छेदून जाते. रुडकीस तर कालवाच पुलावर चढून सोलानी नदी ओलांडतो. दगडी सिंह तेथे पहारा देतात. मोटारीतून हे क्षणात मागे पडते. सायकलीवरून उतरून प्रत्येक ठिकाणी मुलांस विचारावे : येथे कोणते पाणी वर, कोणते खाली?

प्रवाहास ओढ फार आहे. पाण्यात मुळीच उतरू नये. उत्तरेकडील श्रावणाचा कृष्णपक्ष म्हणजे आपला आषाढ वद्य. त्या दिवसांत पटरी कावडधारी यात्रेकरूंनी फुलून जाते. तेव्हा सायकल घरीच ठेवावी. ती वाट त्यांची असते.