अधिकार केंद्राचा, हात राज्यांचे

निवृत्तीनंतर मी डमडमला स्थायिक झालो. येथील माणसे 'दमदम' म्हणतात. आपण मराठीत इंग्रजी अक्षरांवरून त्याचे 'डमडम' केले. असो. माझ्या घरापासून नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळ जवळ आहे आणि डमडमचे मध्यवर्ती कारागृहही. विमानतळावर पारपत्रावर शिक्का मारणारा अधिकारी केंद्रशासनाचा असतो. कारागृहाच्या दारावरचा शिपाई राज्यशासनाचा असतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे नागरिकत्व, परकीय व्यक्ती, देशात प्रवेश आणि देशातून हद्दपारी हे विषय संघसूचीत आहेत (नोंदी १७ व १९). पोलीस आणि तुरुंग राज्यसूचीत. कागदावर ही वाटणी अगदी स्वच्छ दिसते. तिच्यातली अडचण पाहायची असेल तर त्या कारागृहातील एका विशिष्ट वर्गाकडे पाहावे लागते.

बंगालच्या तुरुंगांत त्यांना 'जान खलास' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द भलताच ऐकू येतो, परंतु मूळ अर्थ सुटका हाच आहे. बेकायदा प्रवेशाबद्दलची शिक्षा पुरी भोगून झालेले, कायद्याने मुक्त, आणि तरीही आतच असलेले हे परकीय कैदी. त्यांना सोडता येत नाही, कारण ते येथे राहू शकत नाहीत. पाठविता येत नाही, कारण बांगलादेशाने त्यांना आपले म्हणून मान्य करावयाचे असते आणि ते विचारण्याचा मार्ग परराष्ट्र मंत्रालयातून जातो. २५ नोव्हेंबर २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने पडताळणीपासून पाठवणीपर्यंतचे काम ३० दिवसांत उरकण्यास सांगितले होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावरील जुन्या प्रकरणात विचारणा केली तेव्हा बंगालमध्ये असे सुमारे ८५० जण अडकून पडले असल्याची नोंद झाली. राज्य जेवू घालते, केंद्र पत्रव्यवहार करते आणि माणूस मधल्या मध्ये राहतो.

हा एक दोष झाला: राज्याच्या हाती माणूस आहे, पण अधिकार नाही. याच्या नेमका उलट दोष अधिक गंभीर आहे आणि त्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे.

अनुच्छेद २५८ अन्वये केंद्राला आपली कामे राज्याच्या संमतीने राज्यशासनाकडे सोपविता येतात. १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने परकीय नागरिक कायदा, १९४६ खालील देश सोडण्याचा आदेश काढण्याचे काम राज्यांकडे असेच सोपविले गेले. त्यामागचे कारण समजण्याजोगे होते. दिल्लीत बसून प्रत्येक मुदत संपलेल्या प्रवाशामागे कोण धावणार? परंतु याचा परिणाम असा झाला की प्रत्येक राज्य संपूर्ण भारताच्या वतीने बोलू लागले. मुंबईतील एखादा अधिकारी 'हा महाराष्ट्रातला नव्हे' एवढेच म्हणू शकला असता, तर ते त्याच्या माहितीतले होते. तो म्हणतो, 'हा भारतातला नव्हे'. हे त्याला बंगालला विचारल्याशिवाय कसे कळावे? त्यातच १९४६ च्या कायद्याचे कलम ९ असे की आपण परकीय नाही हे त्या माणसानेच सिद्ध करावयाचे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो भार त्याच्याच शिरावर ठेवला आहे.

जुलै १९९८ मध्ये याचा स्फोट झाला. मुंबई पोलीस 'बांगलादेशी' ठरविलेल्या लोकांना कुर्ल्याहून हावड्याकडे रेल्वेने नेत होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेडिया स्थानकावर फॉरवर्ड ब्लॉकच्या कार्यकर्त्यांनी गाडी अडवून त्यांना सोडविले. महाराष्ट्रात युतीचे शासन, बंगालमध्ये डाव्या आघाडीचे. मुंबईत म्हटले गेले की बंगाल घुसखोरांना पाठीशी घालतो. कलकत्त्यात म्हटले गेले की त्या डब्यात बंगालचेच जरीकाम करणारे मजूर होते. जमावाने पोलिसांच्या ताब्यातून माणसे सोडविणे मला मुळीच मान्य नाही. पण दोन राज्यांतील या वादाचा निर्णय फलाटावर व्हावा, याचा अर्थ तो करण्यास दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

त्या काळी मी बंगालमधील एका जिल्ह्यात होतो. एके दिवशी माझ्या टेबलावर महाराष्ट्रातील एका पोलीस ठाण्याचे पत्र आले. ते माझ्याकडे आले याचे कारण एवढेच की ते मराठीत होते आणि कचेरीत ते वाचू शकणारा मी एकटा. आवक शिक्का पाहिला; पत्र येऊन दोन महिने झाले होते. एका मजुराने सांगितलेल्या गावाची पडताळणी करून कळवावे, अशी विनंती होती. बंगाली उच्चार ऐकून कोणा हवालदाराने गावाचे नाव देवनागरीत जसे उतरविले होते, तसे गाव आमच्या महसुली यादीत नव्हते. मी ते खाली पाठविले, 'गाव आढळत नाही' असा शेरा येण्याच्या बेतात होता. मग एका म्हाताऱ्या कारकुनाने ते नाव मोठ्याने वाचले आणि तो हसला. 'अ'चा 'ओ' करून पाहिल्यावर गाव सापडले, घर सापडले, बापाचे नाव मतदारयादीत सापडले. आम्ही उत्तर पाठविले. पोच आली नाही. तो माणूस तोवर कोठे होता, हे मला कधीच कळले नाही. मी पुन्हा विचारलेही नाही. बदलीचा आदेश आला होता.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागते.

आता पडताळणीचा नियम अजिबात नाही असे नाही. २ मे २०२५ च्या केंद्रीय ज्ञापनात, व्यक्ती ज्या राज्याची रहिवासी असल्याचे सांगते त्या राज्याकडून ३० दिवसांत चौकशी व्हावी, असे आहे. तरीही जून २०२५ मध्ये दिल्लीत पकडलेल्या बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर स्त्रीला कुटुंबासह सीमेपार धाडण्यात आले. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, ही कार्यपद्धती पाळली गेली नाही असे म्हणून हद्दपारीचा आदेश रद्द ठरविला; ती स्त्री डिसेंबरमध्ये परत आली. ज्या देशात तिला नेऊन सोडले तेथे ती बेकायदा प्रवेशाच्या आरोपावरून तुरुंगात होती. म्हणजे 'जान खलास'चीच दुसरी बाजू.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. राज्याला विचारत बसलो तर मतांसाठी राज्य उत्तरच देणार नाही, किंवा खोटे देईल. आसामपुरताच लागू झालेला १९८३ चा कायदा घुसखोराला शोधण्यापेक्षा वाचविण्यासच उपयोगी पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सोनोवाल प्रकरणात म्हटले आणि तो रद्द केला. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. तेथे २०१२ मध्ये ॲरिझोना राज्याला स्थलांतराचे स्वतःचे कायदे चालविण्यास न्यायालयाने बहुतांशी मनाई केली. पण संघशासन राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हेही तेथील न्यायालयानेच १९९७ मध्ये ठरविले आहे. आपल्याकडे अनुच्छेद २५६ व २५७ खाली केंद्र राज्यांना निदेश देऊ शकते. म्हणून नकाराचा अधिकार राज्यांना द्यावा, असे मी म्हणत नाही. आपल्या राज्यघटनेत ते बसतही नाही.

माझे म्हणणे मर्यादित आहे. शोध आणि चौकशी राज्याच्या पोलिसांनी करावी, परंतु 'हा भारतीय नाही' या आदेशावर केंद्राच्याच अधिकाऱ्याची सही असावी. त्याने ती करण्यापूर्वी संबंधित जिल्ह्याचे लेखी उत्तर, त्या जिल्ह्याच्या भाषेतील गावाच्या नावासह, फाइलमध्ये असलेच पाहिजे. मुदतीत उत्तर आले नाही तर त्याचा भुर्दंड माणसाला नव्हे, जिल्ह्याला बसावा. उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याकडून नावानिशी खुलासा मागावा. कारागृहातील खर्चही केंद्राने उचलावा. सोपविलेल्या कामाचा जादा खर्च राज्याला देण्याची तरतूद अनुच्छेद २५८ च्या तिसऱ्या खंडात आहेच, तिचा विस्तार करता येईल. यासाठी संसदेपुढे जाण्याचीही गरज नाही. नव्या कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. ज्ञापनातील तो परिच्छेद उचलून नियमात घालावयाचा आहे.

असा नियम तेव्हा असता, तर त्या दोन महिन्यांबद्दल पहिला खुलासा माझ्याकडून मागितला गेला असता.