पोच मिळाली, उत्तर नाही

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एक कापडी पिशवी असते. तिच्यात सातबाराचे जुने उतारे असतात, घरपट्टीच्या पावत्या असतात आणि त्यांच्याच जोडीला अर्जांच्या प्रती असतात. नाल्यावरची भरणी थांबवावी, विहिरीत सांडपाणी उतरते आहे त्याची पाहणी व्हावी, गावचा रस्ता खचला आहे तो दुरुस्त व्हावा, अशा मजकुराचे ते अर्ज. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आवक विभागाचा गोल शिक्का, खाली दिनांक आणि कोणालाही वाचता न येणारी सही. तिला आपण 'पोच' म्हणतो. आमच्या घरच्या पिशवीतील पोच मिळालेले अर्ज परवा मोजले, ते अठरा भरले. उत्तरे शोधली, ती दोन सापडली. त्या दोहोंतील एकात अर्ज संबंधित विभागाकडे पाठविल्याचे कळविले होते. तो संबंधित विभाग कोणता, हे आम्हांला आजतागायत समजलेले नाही.

हे एका घरचे रडगाणे असते, तर या पानांवर त्याला जागा मागण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु वसईत ज्या घरी जावे तेथे हीच पिशवी निघते. म्हणून प्रश्न विचारावासा वाटतो. जे शासन आपल्याकडून कर घेताना तारीख चुकू देत नाही, त्याला उत्तर देण्याची तारीख कोणी घालून दिली आहे की नाही?

घालून दिली आहे! महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २००५ साली बदल्यांचे विनियमन आणि दफ्तरदिरंगाईस प्रतिबंध करणारा अधिनियम केला आणि १ जुलै २००६ पासून तो अमलात आला. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो. अन्य विभागाचा सल्ला लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा, लागत असेल तर तीन महिन्यांत. पुढे २०१५ साली लोकसेवा हक्काचा अधिनियम आला. दाखले आणि परवाने ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क त्याने नागरिकाला दिला. म्हणजे कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती तो पाळणाऱ्यांची, आणि पाळला नाही तर जाब विचारणाऱ्यांची.

सात दिवस, पंचेचाळीस दिवस, तीन महिने. आता या मोजपट्टीने आपल्या गावांचे प्रकरण मोजून पाहू. ३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती यांची मोट बांधून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी विरोध केला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, २०१० साली लोकांनी लाठ्याही खाल्ल्या. गावांचे म्हणणे साधे होते. आमच्या विहिरी, आमची वाडी, आमची शेते यांचा कारभार आम्हांला चांगला कळतो. तो आमच्या ग्रामसभेकडे राहू द्या. ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. महानगरपालिका न्यायालयात गेली, आणि तेथून पुढे वर्षांमागून वर्षे निघून गेली. मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. गावे मात्र ना धड आत, ना धड बाहेर. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने २०११ ची ती अधिसूचनाच मागे घेतली. बारा वर्षांहून अधिक काळ थांबलेल्या गावांना मिळालेले उत्तर हे असे.

प्रकरण न्यायप्रविष्ट होते, शासनाचा त्यात काय दोष, असे कोणी म्हणेल. न्यायालयाने शासनाची भूमिका विचारलेली असते. ती एकदा ठामपणे मांडून तडीस नेणे शासनाच्याच हाती होते. वगळायची असतील तर वगळा, ठेवायची असतील तर का ठेवता ते गावकऱ्यांना समोर बसवून सांगा. निर्णय मनाविरुद्ध गेला म्हणून आमची तक्रार नाही. शहाण्या घरातही थोरल्यांचे सगळेच निर्णय धाकट्यांच्या मनासारखे होत नसतात. तक्रार आहे ती एक तपाहून अधिक काळ गप्प बसण्याची.

आणि ग्रामसभेच्या जागी गावांना मिळाले काय? ज्या २००९ साली महानगरपालिका आली, त्याच साली राज्याने नागरी भागांसाठी 'क्षेत्रसभे'ची कायदेशीर तरतूद केली. प्रभागातील मतदारांनी एकत्र यावे, कामे सुचवावीत, चाललेल्या कामांवर लक्ष ठेवावे, असा तिचा हेतू. वाचकहो, आपल्या गावात क्षेत्रसभा भरलेली कोणी पाहिली आहे? तिची दवंडी कोणी ऐकली आहे? पुढे तर जून २०२० मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत साडेपाच वर्षे प्रशासकाची राजवट चालली. बारा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात (हा आकडाही २०११ च्या जनगणनेचा) इतकी वर्षे अंदाजपत्रके मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा हात एकच होता.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, उधळपट्टीविषयी आपल्याकडे जेव्हा बोलले जाते तेव्हा ती जणू स्वतंत्र व्याधी आहे अशा थाटात बोलले जाते. आमच्या मते उत्तर न देणे आणि पैसा उधळणे ही एकाच रोगाची दोन लक्षणे होत. ज्याला कोणापुढे हिशेब ठेवायचा नाही, त्याने काटकसर का करावी?

जुलै २०१८ चा पूर आठवा. रूळ पाण्याखाली गेले, मिठागराच्या वस्तीतली माणसे अडकून पडली, दिवसचे दिवस वीज नव्हती. त्यानंतर महानगरपालिकेने 'निरी' आणि मुंबईची 'आयआयटी' या नामवंत संस्थांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करविला. त्यापायी सुमारे १२ कोटी रुपये मोजले. अभ्यासाला आमचा विरोध नाही. वैद्याची फी द्यावीच लागते. संस्थांनी धारण तलाव करा, नैसर्गिक नाले रुंद आणि मोकळे करा, असे सांगितले. आपल्या आजोबांनी हेच फुकटात सांगितले असते, कारण पावसाचे पाणी कोणत्या शेतात थांबते आणि कोणत्या खाडीला जाते हे त्यांना पाठ होते. असो. पण औषधाची चिठ्ठी विकत घेऊन ती खिशात ठेवणाऱ्या रोग्याला आपण काय म्हणू? ऑगस्ट २०२५ मध्ये तेच रस्ते पुन्हा पाण्याखाली होते. त्या १२ कोटींतील प्रत्येक शिफारशीचे पुढे काय झाले, याचा एक पानी तक्ता नागरिकांच्या घरी आला असता, तर आम्ही हा परिच्छेद लिहिला नसता.

पाण्याचीच दुसरी गोष्ट. सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारला दररोज १८५ दशलक्ष लिटर पाणी मिळायचे होते. २०२३ साली जलवाहिनी तयार झाली, पाणी दारापर्यंत आले, आणि थांबले. कशासाठी? लोकार्पणाच्या सोहळ्याला पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून! हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बायका एकीकडे, आणि मांडवाची वाट पाहणारे पाणी दुसरीकडे. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे नोव्हेंबरच्या अखेरीस समारंभाविना पाणी सुटले. तोपर्यंत घरोघर टँकरसाठी जो पैसा गेला, तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही. पण तोही सरकारी खोळंब्याचाच खर्च होता, आणि तो गरिबाने भरला.

तिसरी गोष्ट सांगताना लेखणी जड होते. नालासोपाऱ्यात सुमारे ६० एकर जागा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. त्या जागेवर, दिवसाढवळ्या, ४१ इमारती उभ्या राहिल्या. इमारत काही एका रात्रीत अळंबीसारखी उगवत नाही. विटा येतात, वाळू येते, वीजजोडणी होते. हे सारे कोणाच्या डोळ्यांदेखत झाले? जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि २०२५ च्या आरंभापर्यंत त्या भुईसपाट झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने याच प्रकरणात छापे घातले, तेव्हा नगररचना विभागाच्या उपसंचालकाकडून सुमारे ९ कोटी रुपये रोख आणि २३ कोटींहून अधिक किमतीचे दागिने व सोने जप्त केल्याचे जाहीर केले. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही ते आपल्याकडे घेत नाही. आम्ही फक्त बेरीज मांडतो. जागा गेली, प्रकल्प झाला नाही, पाडकामाचा खर्च झाला, बंदोबस्ताचा झाला, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्यांची घरे गेली. मग त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून १७ जीव गेले. त्या बेरजेला रुपयांचे परिमाण लावण्याची आमची छाती होत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या वळणाची माणसे. तुम्हांला शहर नको, खर्च नको, विकास नको. आम्ही जुन्या वळणाचे आहोत हे कबूल. पण खर्चाला आमचा नकार नाही. शुद्धीकरण प्रकल्प, रुग्णालये, खाडीवरचे पूल यांवर आज होतो त्याहून अधिक खर्च व्हावा असेच आम्हांला वाटते. आमचे जुने वळण एवढेच, की दुसऱ्याचा पैसा हाती आला तर तो स्वतःच्या पैशापेक्षा अधिक जपून खर्चावा आणि वर्षअखेर उभे राहून हिशेब वाचावा. ही रीत आपल्याला परकी नाही. १९१८ साली पापडीला कॅथलिक बँक सुरू झाली ती शेतकऱ्यांच्या लहान ठेवींवर. आजही तिच्या वार्षिक सभेत एखादा सभासद अहवालाचे पान उघडून अमुक रकमेचा खुलासा मागतो, आणि व्यासपीठाला तो द्यावा लागतो. गावच्या पतपेढीचा खजिनदार तर चहापाण्याच्या खर्चावरूनही धारेवर धरला जातो. चुका तेथेही होतात, भांडणे तेथेही होतात. पण प्रश्न विचारणाऱ्याला 'संबंधित विभागाकडे जा' असे सांगण्याची सोय तेथे नसते.

येथवर आम्ही शासनाला बोललो. आता थोडे स्वतःलाही बोलू, नाहीतर हा लेख एकांगी होईल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला तेव्हा घराघरांतून माणसे मोर्चाला गेली. २०२४ साली फादर गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला गर्दी झाली. पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत वाड्या कोणी विकल्या? केळीची बाग मोडून बांधकाम व्यावसायिकाशी करार करताना नाल्याचे काय होईल हे आपण विचारले का? आपल्याच गल्लीतला अनधिकृत मजला नियमित व्हावा म्हणून आपणच नगरसेवकाच्या दारी गेलो नाही का? जो माणूस एका हाताने मेहेरबानी मागतो, त्याला दुसऱ्या हाताने हिशेब मागता येत नाही. हे शासनाला चांगले ठाऊक आहे, म्हणूनच ते निर्धास्त आहे.

तेव्हा मागायचे काय? मेहेरबानी मागायची नाही. कायद्याने जे आपले आहे तेवढेच मागायचे. प्रत्येक अर्जाला मुदतीत लेखी उत्तर, मग ते नकाराचे का असेना. प्रत्येक सल्लागाराच्या अहवालाबरोबर, त्यातील कोणती शिफारस केव्हा पूर्ण होणार याचा जाहीर तक्ता. पाणी, रस्ता, दवाखाना तयार होताच खुला व्हावा. समारंभ करायचाच असेल तर मागाहून करावा, आणि त्याचा खर्च फलकावर लिहावा. आणि प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा. जानेवारी २०२६ मध्ये लोकांनी मत देऊन पाठविलेल्या नगरसेवकांनी आपल्यापुढे उभे राहून आपल्या प्रभागाचा जमाखर्च वाचावा. यांतील एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, आणि पैसा तर मुळीच लागत नाही.

शुभवर्तमानात एका विधवेचा दाखला आहे. गावचा न्यायाधीश ना देवाला भीत होता, ना माणसांना मानत होता. ती मात्र रोज त्याच्या दारी जात राहिली आणि अखेर कंटाळून त्याने तिला न्याय दिला. तिच्याजवळ ना पैसा होता, ना ओळख. होती ती फक्त पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी. तेव्हा येत्या रविवारी जेवणे उरकल्यावर ती कापडी पिशवी कपाटातून काढावी. शिक्क्यांवरील तारखा वाचाव्यात. आणि ज्या अर्जाला उत्तर आलेले नाही त्याचा दिनांक व आवक क्रमांक वर लिहून, त्याच मजकुराचा दुसरा अर्ज तयार करावा. सोमवारी कार्यालय उघडते तेव्हा रांगेत आपण एकटे नसावे, एवढीच आमची इच्छा आहे.