मूळ प्रतीचा मोह आणि करवतीचा माज

जुन्या मोटरसायकलींच्या शौकिनांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जावा किंवा बुलेट हाती आली तर तिचे काय करावे? एक पक्ष म्हणतो, ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच ठेवावी. रंगाची छटा, टाकीवरची रेघ, आरशाचा आकार, सारे मूळचेच हवे. दुसरा पक्ष म्हणतो, गाडी ही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. मागचे मडगार्ड छाटा, सीट एकट्यापुरती करा, हँडल खाली घ्या, सायलेन्सर आखूड करा आणि तिच्यातून आपली अशी नवी गाडी घडवा. पहिला दुसऱ्याला कसाई म्हणतो, दुसरा पहिल्याला पुजारी.

साहित्याच्या अध्यापकाने यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे, की हा वाद आपलाच आहे. संहिता, पाठभेद, प्रक्षेप, मूळ प्रत, वाचकाचे स्वातंत्र्य हे शब्द आपण एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते लोखंडावर आपटून पाहिले की कोणता खणखणीत वाजतो आणि कोणता बद्द, हे चटकन कळते. दुसरे कारण खासगी आहे. ते पुढे येईल.

प्रथम करवतवाल्यांचा समाचार घेऊ. त्यांच्यातली शिकलेली मंडळी हल्ली आपल्याच शिदोरीतले सिद्धान्त आपल्याला ऐकवतात. संहिता वाचकाची असते, कर्ता मेलेला असतो, प्रत्येक वाचन ही नवनिर्मिती असते. जावा बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला; म्हणजे येथे कर्ता अगदी शब्दशः निवर्तला. मग त्याच्या हेतूची मिजास आम्ही का बाळगावी? २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीकडून नव्या गाड्यांवर परत आले, यानेही त्यांच्या युक्तिवादाला बाधा येत नाही. नाव परतले, जुना कर्ता परतला नाही.

युक्तिवाद सफाईदार आहे, आणि खोटा आहे. केशवकुमारांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा ज्या कवितांची त्यांनी टिंगल केली त्यांतील एकही ओळ कोणाच्या वहीतून पुसली गेली नाही. मूळ कविता जागच्या जागी राहिली आणि विडंबन तिच्या शेजारी जाऊन बसले. वाचकाचे स्वातंत्र्य शोभते ते एवढ्याचसाठी, की त्या स्वातंत्र्याची किंमत संहितेला मोजावी लागत नाही. छाटलेल्या चासीचे तसे नाही. कटरने मागचा सांगाडा उडवला, टाकीचे कंगोरे घासून सपाट केले, जुने भाग भंगारात घातले, की त्या गाडीपुरती मूळ संहिता संपली. पुढच्या वाचकाला वाचायला शिल्लक राहते ते फक्त तुमचे वाचन. याला निर्मिती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण ग्रंथालयातल्या एकमेव प्रतीची पाने फाडून त्यांचे कोलाज करणाऱ्यालाही मग कलावंत म्हणावे लागेल.

त्यांच्याकडे एक बळकट साक्षीदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकांत तरुणांनी ‘ट्रायटन’ नावाची गाडी घडवली : ट्रायम्फचे जुळे सिलिंडर असलेले इंजिन आणि नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट. ती कोणत्याही कारखान्याने विकलेली नव्हती. त्या काळी पाचशे सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींसाठी नॉर्टनच्या इंजिनाला मागणी होती. ते इंजिन मिळवण्यासाठी अख्खी मोटरसायकल विकत घेतली जाई आणि उत्तम चौकट बिनइंजिनाची पडून राही. त्या चौकटीत पोरांनी ट्रायम्फचे इंजिन बसवले. मग ही तोडफोड थोर आणि आजची पापी, असे कसे?

असे, की तेव्हा त्या गाड्या चालू काळातल्या होत्या. बाजारात रोज मिळणाऱ्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने टिपणे करणे आणि त्याच पुस्तकाच्या उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एकीवर शाईने रेघोट्या ओढणे, या दोन कृती हाताच्या हालचालीने सारख्या आणि परिणामाने भिन्न आहेत. प्रती संपत आल्या की वाचकाची जबाबदारी बदलते. ट्रायटन करणाऱ्यांना जे क्षम्य होते ते त्यांची नक्कल करणाऱ्यांना नाही. आणि ती नक्कलच असते, हेही सांगितले पाहिजे. सानपाड्याला असो की साताऱ्याला, ‘स्वतःची अशी’ म्हणून घडवलेली गाडी बहुतेकदा त्याच सपाट सीटची, त्याच गुंडाळलेल्या सायलेन्सरची आणि त्याच काळ्या रंगाची निघते. कायद्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पण न्यायालयाने परवानगी दिली असती तरी माझा आक्षेप उरलाच असता.

येथवर वाचून पहिल्या पक्षाने मिशीला पीळ देऊ नये. आता त्यांची पाळी आहे.

‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते मूळ? जावा हे नावच जोडशब्द आहे : जानेचेक या चेक उद्योजकाच्या नावातले ‘जा’ आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावातले ‘वा’. १९२९ साली निघालेली पहिली जावा ही वाँडररच्या पाचशे सीसीच्या गाडीची चेक आवृत्ती होती. तिच्या पुढच्या पिढ्यांतले एक रूप १९६१ मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात उतरले आणि हळूहळू भारतीय सुट्या भागांनी भरत गेले. १९७३ पासून तिच्या टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले. किक आणि गिअर दोन्हींचे काम करणारा तो एकच दांडा आणि एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर ही ठेवण येझदीतही नांदत राहिली. बुलेटची कथा तर आणखी मासलेवाईक. १९५५ मध्ये मद्रासला तिची जोडणी सुरू झाली. इंग्लंडातला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासची गाडी चालूच राहिली आणि १९७७ पासून तीच इंग्लंडात विकायला जाऊ लागली. प्रतीवरून मूळ गावाने पुन्हा नक्कल उतरवून घ्यावी, तसला हा प्रकार. या वंशवृक्षात बोट ठेवून ‘हे मूळ’ म्हणण्याची हिंमत कोणा पाठचिकित्सकाला होणार नाही. मूळवाल्यांना मात्र ती सहज होते, कारण त्यांच्या हाती रंगीत माहितीपत्रक असते.

आणि त्या माहितीपत्रकाबरहुकूम ते जे करतात त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : जीर्णोद्धार. आपल्या गावोगावच्या यादवकालीन देवळांचा जीर्णोद्धार आपण पाहिलेला आहे. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, शिखराला भगवा-पिवळा रंग, आणि दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. हेतू श्रद्धेचा, परिणाम विध्वंसाचा. विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती इमारती पाडणाऱ्यांइतकीच त्या ‘पूर्ववत’ करणाऱ्यांच्या विरोधात होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खरवडून काढलेल्या भिंतीतून काळ नाहीसा होतो, ही त्यांची तक्रार होती. मोटरसायकलीचा पत्रा सँडब्लास्ट करून, नवा क्रोम चढवून, नव्याने ओतलेले सुटे भाग बसवून कारखान्यातही कधी नव्हती इतकी झगझगीत गाडी उभी करणारे लोक याच खरवडणाऱ्यांच्या कुळातले आहेत. ते गाडी राखत नाहीत. ते आज बनवलेल्या गाडीला १९६८ ची जन्मतारीख देतात.

हे मी कोणत्या अधिकाराने बोलतो? गुन्हेगाराच्या. माझे वडील तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची १९६८ ची जावा त्यांनी जुनीच विकत घेतली होती आणि निवृत्तीपर्यंत वापरली. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधता यावेत म्हणून गावच्या लोहाराकडून त्यांनी मागे लोखंडी पट्ट्यांची एक रुंद फळी ठोकून घेतली होती. ती ओबडधोबड होती आणि एका बाजूला किंचित कलली होती. टाकीच्या डाव्या बाजूचे गुडघ्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. वडील गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी ती गाडी शहरातल्या एका नावाजलेल्या कारागिराकडे दिली आणि सांगितले, “अगदी मूळ होती तशी करून द्या.” आठ महिन्यांनी गाडी आली. मरून रंग आरशासारखा, टाकीच्या बाजू लखलखीत, रबरे नवीकोरी. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “गठ्ठ्यांची फळी कुठंय रे?”

मी कारागिराला फोन केला. तो भला माणूस होता, त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “ते लोकल काम होतं, सर. ओरिजिनलमध्ये नसतं. भंगारात गेलं.” त्याची चूक नव्हती. त्याने माझ्या शब्दाचा अर्थ लावला आणि अचूक लावला. चूक त्या ‘मूळ’ या शब्दाची होती, आणि तो शब्द माझा होता. वर्गात प्रक्षिप्त ओव्यांवर तासभर बोलणाऱ्या माणसाने घरातला एकुलता एक प्रक्षेप पैसे मोजून खोडून घेतला होता.

आता पोथ्यांकडे वळू. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. मूळवाल्यांनी नाथांना आपला आद्य पुरुष मानावे असा हा प्रसंग आहे. पण गोष्ट तेथे संपत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत प्रसिद्ध केली आणि शुद्ध कोणते यावर अभ्यासकांत नव्याने वाद पेटला. तो वाद होऊ शकला, कारण नाथांनंतरही ‘अशुद्ध’ प्रती जगात शिल्लक होत्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी जमवलेल्या हस्तलिखितांत चुकांनी भरलेली, लेखनिकांनी भर घातलेली असंख्य होती. जे पाठ मुख्य संहितेत बसले नाहीत ते त्यांनी जाळले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. आजचा अभ्यासक संपादकांचा निर्णय अमान्य करू शकतो, तो त्या तळटीपांच्या बळावर.

पाठचिकित्सेचा हा धडा मोटरसायकलीला जसाच्या तसा लागू पडतो, आणि माझा सारा मुद्दा एवढाच आहे. खरा भेद ‘मूळ’ आणि ‘बदललेले’ यांच्यात नाही. तो पुरावा राखणारे आणि पुरावा नष्ट करणारे यांच्यात आहे. या कसोटीवर करवतवाला आणि जीर्णोद्धारवाला एकाच बाकावर बसतात. एक गाडीचा जन्म पुसतो, दुसरा तिचे आयुष्य. साठच्या दशकातली अस्सल ट्रायटन सोडवून तिच्यातून ‘मूळ’ ट्रायम्फ उभी करणारा माणूस, आणि धड अवस्थेतली जावा कापून तिची ट्रायटन करू पाहणारा माणूस, यांच्यात मला तत्त्वतः काही फरक दिसत नाही.

मग करावे काय? गाडी चालती ठेवावी. टायर, केबली, ब्रेकचे लायनर हे झिजायचेच, ते बदलावेत, त्याने संहितेला धक्का लागत नाही. हँडल वा सीट बदलायची हौस असेल तर बोल्ट सोडून पूर्ववत होईल असेच बदलावे, आणि काढलेले सामान पोत्यात बांधून गाडीबरोबरच ठेवावे. सांगाड्याला ग्राइंडर लावू नये. जो रंग अजून धरून आहे तो खरवडू नये. लोहाराची फळी, दुधाच्या किटल्यांचे आकडे, साडीगार्ड, मडगार्डवर पेंटरने काढलेले मुलीचे नाव, हे सारे आपल्याकडच्या मोटरसायकलीचे पाठभेद आहेत. यांच्यावाचून ती फक्त माहितीपत्रकातली गाडी उरते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते, नोंदणी दहा वर्षांची असते आणि रोजच्या वा व्यावसायिक वापराला ती चालत नाही. करवतीला आळा घालणारा म्हणून हा नियम मला पटतो. मला भीती आहे ती त्यातल्या ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांची. ते शब्द माहितीपत्रकवाल्यांच्या हाती पडले की नोंदणीच्या हौसेपायी घराघरांतल्या गाड्यांच्या फळ्या आणि आकडे भंगारात जातील, आणि ते काम पुण्याचे म्हणून गणले जाईल.

फळी नव्याने करून घ्या, असे मित्रांनी मला सुचवले. मोजमाप आईला तोंडपाठ आहे. पण ती केली तर तीही १९६८ ची जन्मतारीख दिलेली दुसरी खोटी वस्तू होईल. मी एवढेच केले : गाडीच्या हत्यारांच्या पेटीत एक कागद घडी करून ठेवला आहे. कारागिराकडे जाण्यापूर्वी गाडीवर काय काय होते, ते कोणी व कशासाठी केले होते, आणि कोणाच्या सांगण्यावरून ते काढले गेले, हे त्यावर तारखांसह लिहिले आहे. शेवटच्या रकान्यात माझे नाव आहे.