यंत्राला चाल शिकवली कोणाची?

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानाच्या गावात एखाद्या म्हाताऱ्याची चाल मंदावली, पाय घासू लागला, चालताना हाताचा झोका थांबला, तर घरची माणसे 'वय झाले' एवढेच म्हणतात. कंपवाताची, म्हणजे लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या विकाराची, सुरुवात पुष्कळदा अशीच निमूट होते. नाव कंपवात असले तरी प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही.

या विकाराचे निदान आजही मुख्यतः तज्ज्ञाच्या नजरेवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेला येथे मोठा वाव आहे. साध्या मोबाइलवरील चित्रफितीतून पावलांचे अंतर, वळताना लागणारा वेळ, बोटांच्या उघडझापीचा उतरत जाणारा वेग संगणक मोजू शकतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी तर २०२२ साली झोपेतल्या श्वासावरून हा विकार ओळखण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. या कामाचे कौतुक केलेच पाहिजे.

परंतु यंत्राला चाल शिकवली कोणाची? २०१५ साली सुरू झालेल्या 'एमपॉवर' अभ्यासात हजारोंनी आपली माहिती दिली. ते सारे अमेरिकेतील आयफोनधारक. जन्मभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या, बांधावरून अनवाणी जाणाऱ्या बाईची चाल त्यात कोठून असणार? शिवाय हा लाखोळीचा मुलूख. टंचाईत महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवर गुजराण करणाऱ्यांचे पाय ताठरतात, म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. ताठरलेला पाय, झिजलेला गुडघा आणि कंपवात यांतील भेद परक्या चालींवर पोसलेले यंत्र अचूक करील, याची हमी कोण देणार?

तेव्हा नागपूरच्या वैद्यकीय संस्थांनी, रुग्णांची रीतसर संमती घेऊन, विदर्भातील चालींचा संग्रह स्वतःच उभारावा. आशाताईंनी दोन मिनिटांची चित्रफीत घ्यावी, यंत्राने संशय दाखवावा आणि निर्णय मात्र मज्जाविकारतज्ज्ञाने द्यावा. दूरस्थ सल्ल्याची 'ई-संजीवनी' २०१९ पासून आहेच.

एवढे करूनही औषधाचा प्रश्न उरतो. लेव्होडोपा हे द्रव्य आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही असते. पण बिया चघळून मात्रा सांभाळता येत नाही. गोळी दिवसातून तीनचारदा, ठरल्या वेळी लागते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा मिळाली नाही, तर यंत्राने ओळखलेला रुग्ण पुन्हा खाटेवरच.