वही आधी, यंत्र मागाहून

व्यापाऱ्याच्या पेढीवर गल्ल्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, जपली जाणारी वस्तू म्हणजे वही होय. रिता झालेला गल्ला पुन्हा भरता येतो. परंतु कोणाकडे किती येणे आणि कोणाचे किती देणे हा लेखाच नाहीसा झाला, तर त्याबरोबर पतही जाते. आज आमच्या बालाघाटात धान-तांदूळ, किराणा, कापड यांचा व्यवहार करणाऱ्या बहुतेक पेढ्यांची वही लाल कापडाच्या बांधणीतून निघून लॅपटॉपात गेली आहे. हा बदल इष्टच आहे. तथापि वहीबरोबर वही जपण्याची रीतही तेथवर पोहोचली काय, हा प्रश्न आम्ही सभासद-बंधूंपुढे विचारार्थ ठेवू इच्छितो.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो ठेच लागल्यावर. आमच्या पेढीवरील लॅपटॉप २०१२ साली घेतलेला. त्यावर प्रथम विंडोज ७ होती. २०१६ साली, फुकट बदलाची मुदत संपण्यापूर्वी, आम्ही तीवर विंडोज १० चढविली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. धनत्रयोदशी चार दिवसांवर होती, वहीपूजनाची तयारी चालू होती, आणि यंत्रही अडखळू लागले होते. तेव्हा नव्या वर्षाबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमही नवी घालावी, असे आम्ही घाईने ठरविले. मनुष्य घाईत ठरवितो आणि सावकाश पस्तावतो, हे त्या वेळी आठवले नाही.

दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने पेनड्राइव्ह लावून विंडोज ११ घालण्याचा यत्न केला. यंत्राने नकार दिला. या प्रणालीस टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप लागते, आणि प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. २०१२ च्या यंत्राजवळ यांपैकी काहीच नव्हते. मग विंडोज १० च नव्याने घालावी असे ठरले. तेथे दुसरा अडथळा आला : डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असल्याने तीवर प्रणाली घालता येत नाही, असा संदेश आला. तरुण सहज म्हणाला, “काकाजी, सगळे विभाग पुसून टाकतो, संदेश निघून जाईल.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. विभाग पुसले असते तर संदेश खरोखरच गेला असता. परंतु त्याच्याबरोबर आमची वहीही गेली असती. हिशेबाची आमची शेवटची नकल मार्चअखेरची होती. एप्रिलपासूनची सारी उलाढाल त्या एकाच डिस्कवर होती, आणि हे त्या तरुणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही त्याचा हात थांबविला, तो केवळ सुदैवाने.

मग डिस्क बाहेर काढून तारेने दुसऱ्या संगणकास जोडली व मजकूर उतरवून घेतला. अर्धी रात्र गेली. एक भाग वाचताच आला नाही. तो पुढे कागदी बिलांवरून चार दिवस बसून पुन्हा लिहावा लागला. नकल हाती आल्यावर जुन्या पद्धतीने यंत्र सुरू करून त्याच डिस्कवर पुन्हा यत्न केला, तर ८००७०५७० हा दोषांक दाखवून काम अर्ध्यावर थांबले. याचा अर्थ फाइल बिघडली आहे अथवा वाचता येत नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर नव्याने तयार केला, तरी तेच. तेव्हा डिस्क तपासली आणि तिचे काही भाग निकामी झाल्याचे आढळले. नवी एसएसडी बसविताच काम तडीस गेले. इतके होऊनही जीएसटीचे संकेतस्थळ उघडेना, कारण यंत्रातील लहानशी गोल बॅटरी संपल्याने घड्याळ प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जाई, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात नसे. ती स्वस्त बॅटरी बदलली आणि दार उघडले.

यातून आमचे जे मत बनले ते असे : जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसली नाही, हे संकट नव्हे. दोष क्रमाने शोधता येतो. पडद्यावरील संदेश शब्दशः टिपावा. पेनड्राइव्ह, डिस्क, मेमरी, घड्याळ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. खरे संकट वही एकुलती एक असण्यात आहे. म्हणून पहिली पायरी नकल, दुसरी डिस्कची तपासणी, आणि प्रणाली घालणे ही शेवटची पायरी होय. हा क्रम पाळवून घेणे कारागिराचे नव्हे, मालकाचे कर्तव्य आहे. आपली वही कोठे आहे हे मालकासच ठाऊक असते.

कोणी म्हणेल, इतकी यातायात करण्यापेक्षा नवे यंत्र का घेऊ नये? ऐपत असेल त्याने अवश्य घ्यावे. पाठिंबा संपलेल्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करू नये, हेही आम्ही मानतो. आमचे जुने यंत्र आता केवळ खतावणीसाठी ठेविले आहे. परंतु नवे यंत्रही एक दिवस जुने होणारच, आणि नकल नसेल तर तोच प्रसंग पुन्हा दारी येणार.

कायदाही हेच सांगतो. जीएसटीच्या नियम ५७ अन्वये संगणकावरील लेख्यांची अशी नकल ठेवणे आवश्यक आहे, की अपघाताने मूळ नष्ट झाल्यास वाजवी वेळात ती पुन्हा उभी करता यावी. आणि कलम ३६ अन्वये लेखे वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. आमचे मुनीमजी रोजकीर्द आणि खतावणी वेगळी ठेवीत, एकीवरून दुसरी पडताळून घेत. ती शिस्त कायद्याने शिकविलेली नव्हती.

शेवटी दोन नम्र सूचना. संघाच्या कार्यालयात डिस्क जोडण्याची एक तार आणि खात्रीचा, वेळोवेळी नवा केलेला पेनड्राइव्ह ठेवावा. खर्च अल्प, उपयोग सर्वांस. आणि प्रत्येक सभासदाने दर आठवड्यास हिशेबाची नकल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून घरी ठेवावी. दिवाळीस वहीपूजनापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी. जी नकल कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे न मोजलेल्या थैलीवर पावती लिहून देणे होय.