माजघरांतील दुखणें

“प्रजेच्या मनाच्या दुखण्याशीं सरकारास काय कर्तव्य? ज्याचें माणूस त्यानें सांभाळावें,” असें आमचे एक वृद्ध स्नेही परवां आम्हांस म्हणाले. १९१२ सालच्या कायद्याचा रोख जवळजवळ असाच होता. वेड्यास कोणाच्या हुकुमानें कोंडावें व त्याची मिळकत कोणीं पाहावी याची त्यास चिंता फार. तो बरा कसा होईल याची थोडी. १९८७ चा कायदा होईपर्यंत स्वराज्यांतही आम्ही तोच चालविला! १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला खरा. परंतु तो जिल्ह्यांपर्यंत नेण्याची योजना निघावयास १९९६ साल उजाडलें, आणि तीही प्रथम अवघ्या चार जिल्ह्यांत.

मग सरकार हललें कशानें? ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका शाकारलेल्या छपरास आग लागली. आंत मनोरुग्ण सांखळ्यांनीं जखडलेले होते. २८ जीव गेले. त्यांस तेथें आणिलें होतें बहुतेक त्यांच्याच आप्तांनीं, दर्ग्याच्या कृपेनें गुण येईल या आशेनें. त्या आप्तांस आम्ही निर्दय म्हणणार नाहीं. त्यांस दुसरें दार ठाऊक नव्हतें. वर्तमानपत्रांतील हकीकतीवरून सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें व राज्याराज्यांस जाब विचारला. घरोघर झांकलेलें दुखणें असें चव्हाट्यावर आलें. पुढें २००७ सालीं अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानें मान्य केल्यामुळें कायदा बदलणें भागच पडलें. १० ऑक्टोबर २०१४ रोजीं राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें रुग्णास सांखळीनें बांधण्यास मनाई केली व सरकारी उपचार मिळणें हा हक्क ठरविला.

आमच्या एकत्र कुटुंबांस अडखळविणारें कलम मात्र निराळेंच आहे. आजारांत आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हें सज्ञान मनुष्य स्वतः लिहून ठेवूं शकतो. तो मान घरांतील वडीलधाऱ्यांकडे आपोआप जात नाहीं. तो धाकट्या भावजयीकडे जाईल, अथवा घराबाहेरील मैत्रिणीकडेही.

हें आम्ही स्नेह्यांस वाचून दाखविलें. त्यांच्या थोरल्या बहिणीनें तीस वर्षें वाड्याच्या मागल्या खोलींत काढलीं, हें आम्ही लहानपणापासून जाणून होतों. त्याविषयीं आमच्यांत कधीं शब्द झाला नव्हता. बराच वेळ ते पानदानाशीं चाळा करीत बसले. मग म्हणाले, “आमच्या ताईनें कोणाचें नांव लिहिलें असतें हो?”